दोन गाड्यांच्या मधली मुंबई

विदर्भातून कोकणात, किंवा मराठवाड्यातून गोव्याकडे जावयास निघालेल्या माणसाला मुंबई बहुधा वाटेत आडवी येते. रात्रभर धावून आलेली गाडी त्याला सकाळी छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या फलाटावर उतरवून देते, पुढची गाडी रात्री दहा-अकराच्या सुमाराची असते, आणि मधला सबंध दिवस एखाद्या बेवारस मिळकतीसारखा त्याच्या पदरात येऊन पडतो. या दिवसाची विल्हेवाट लावण्याच्या दोन रीती आपल्याकडे रूढ आहेत. पहिली अशी की, प्रतीक्षालयातला एक बाक काबीज करून, ट्रंका-पिशव्यांचा कोट आपल्याभोवती रचून, पाळीपाळीने डुलक्या काढीत संध्याकाळची वाट पाहावयाची. आणि दुसरी अशी की, टॅक्सी ठरवून हँगिंग गार्डन, हाजीअली, सिद्धिविनायक, जुहूची चौपाटी अशी यादी टॅक्सीवाल्याच्या हाती देऊन दिवसभर शहराच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत धावावयाचे, आणि रात्री गाडीत बसल्यावर आपण काय पाहिले याचा हिशेब करू लागले असता वांद्र्याचा सिग्नल तेवढा स्पष्ट आठवावयाचा. पहिल्या रीतीत निदान झोप तरी पदरात पडते. दुसरीत तीही नाही. तेव्हा थोड्या तासांत थोडाच मुलूख, परंतु पायी आणि डोळे उघडे ठेवून पाहावा, अशी एक तिसरी तजवीज या लेखात सुचवावयाची आहे.

पण शहर पाहण्याच्या आधी घड्याळ पाहिले पाहिजे, आणि तेही उलटे. गाडी सुटण्याच्या वेळेतून अर्धा तास फलाटासाठी, अर्धा तास सामान सोडवून घेण्यासाठी आणि आणखी तासभर मुंबईच्या लहरीसाठी वजा करावा. मग जे उरेल तेच आपले. पुढची गाडी कोणत्या स्थानकातून सुटते हे तिकिटावर दोनदा वाचावे, कारण छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस, दादर, कुर्ल्याचे लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस आणि पनवेल ही सारी 'मुंबई'च असली तरी एकीकडून दुसरीकडे जावयास कधी कधी दोन तास लागतात. सकाळी लोकलची गर्दी दक्षिणेकडे, कोटाच्या बाजूला लोटत असते आणि संध्याकाळी पाचनंतर तीच सारी उत्तरेकडे परतते. म्हणून ज्याला संध्याकाळी बोजा घेऊन कुर्ला किंवा वांद्रे गाठावयाचे आहे त्याने चारच्या आतच निघावे, नाहीतर लोकलच्या दारातच सामानासह जलसमाधी मिळाल्याचा अनुभव येईल. रविवारी ही गर्दी नसते. मात्र रविवारी मेगाब्लॉक असतो, आणि त्याचे वेळापत्रक आदल्या दिवशीच्या वर्तमानपत्रात छापून येते ते पाहून ठेवावे. सामान स्टेशनच्याच क्लोक रूममध्ये ठेवता येते. बॅगेस कुलूप असले पाहिजे आणि प्रवासाचे तिकीट दाखवावे लागते, एवढी दोन पथ्ये पाळली म्हणजे झाले. ज्याच्या खांद्यावर ओझे आहे त्याला कोणतेही शहर पाहता येत नाही, असे माझे मत आहे, आणि मुंबई तर मुळीच नाही.

आता पाहावयाचे काय? स्टेशनातून बाहेर पडून दक्षिणेकडे तोंड केले म्हणजे समोर जो मैल-सव्वा मैल लांबीचा चिंचोळा भाग पसरलेला आहे, ज्याला मुंबईकर 'फोर्ट' आणि जुनी मंडळी 'कोट' म्हणतात, तेवढाच. हा भाग एके काळी खरोखरीचाच तटबंदीचा कोट होता. १६६१ च्या विवाहाच्या करारान्वये पोर्तुगालच्या राजकन्येबरोबर मुंबई इंग्लंडच्या दुसऱ्या चार्ल्स राजाकडे आली, आणि १६६८ साली त्याने ती सालिना दहा पौंडांच्या खंडाने ईस्ट इंडिया कंपनीच्या हवाली केली. अठराव्या शतकाच्या आरंभीच्या दशकांत कंपनीने गावाभोवती तट उभारला आणि त्याला तीन दरवाजे ठेवले: उत्तरेस बझार गेट, पश्चिमेस चर्चगेट आणि दक्षिणेस अपोलो गेट. १७३९ साली चिमाजीअप्पांनी वसईचा किल्ला सर केला, तेव्हा मराठ्यांची फौज उद्या माहीमची खाडी उतरून आपल्या दारात उभी राहील या धास्तीने मुंबईच्या व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी उभी केली आणि तिच्यातून तटाबाहेरच्या खंदकाचे काम सुरू झाले. मराठी माणसाने मुंबईच्या कोटात पाऊल टाकताना एवढी गोष्ट स्मरणात ठेवण्यास हरकत नाही: ज्यांची फौज कधी आलीच नाही त्यांच्या नुसत्या दबदब्याने या शहराची एक संपूर्ण बाजू आखली गेली.

कारण तट आणि खंदक एवढ्यावरच काम भागले नाही. तोफेच्या माऱ्याला आडोसा मिळू नये म्हणून तटाबाहेरची झाडे, झोपड्या आणि घरे पाडून मोठे मोकळे मैदान राखण्यात आले, आणि १८०३ सालच्या मोठ्या आगीनंतर ते अधिकच रुंद करण्यात आले. कोटातील वस्ती एका बाजूस, एतद्देशीयांचे दाट गाव दुसऱ्या बाजूस, आणि मधे हे उजाड एस्प्लनेड, अशी मुंबईची रचना दीर्घकाळ होती. पुढे १८६२ साली गव्हर्नर होऊन आलेल्या सर बार्टल फ्रियर याने तट पाडावयास काढले. तट गेले, खंदक बुजले. परंतु मैदान सबंध नाहीसे झाले नाही. आज आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल आणि कूपरेज या नावांनी ज्या हिरव्या पट्ट्या उत्तर-दक्षिण ओळीने दिसतात त्या त्याच तोफेच्या टप्प्याच्या उरल्यासुरल्या खुणा आहेत. कोठल्याही नगररचनाकाराने मुलांना क्रिकेट खेळावयास सोय व्हावी म्हणून त्या राखलेल्या नाहीत. यातल्या आझाद मैदानाच्या जागी १८५७ च्या ऑक्टोबरात सय्यद हुसेन आणि मंगल गाडिया या दोन शिपायांना तोफेच्या तोंडी देण्यात आले होते.

नाहीसा झालेला हा तट मनाशी धरून चालत राहणे, हीच थोड्या वेळात मुंबई पाहण्याची युक्ती आहे. तटाच्या आत काय होते आणि तट पडल्यावर त्याच्या मोकळ्या जमिनीवर काय उभे राहिले, एवढा एक प्रश्न हाताशी असला म्हणजे मैलभरातील प्रत्येक इमारत आपापली जागा घेते.

आरंभ अर्थात स्टेशनापासूनच करावा, कारण बहुतेक प्रवासी या इमारतीतून जातात पण तिच्याकडे पाहत नाहीत. १६ एप्रिल १८५३ रोजी हिंदुस्थानातील पहिली उतारूंची आगगाडी येथूनच, तेव्हाच्या बोरीबंदरातून, ठाण्यास गेली. त्या वेळी ही भव्य इमारत नव्हती. तिचे काम १८७८ साली सुरू झाले आणि पुरे होण्यास दहा वर्षे लागली. आराखडा फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स याचा, आणि त्याच्या हाताखाली सीताराम खंडेराव वैद्य हे मराठी गृहस्थ अभियंते म्हणून होते, ही गोष्ट आपल्याकडे फारशी कोणाच्या कानावर नसते. रस्ता ओलांडून महानगरपालिकेच्या बाजूला उभे राहावे आणि मान वर करावी. मधल्या घुमटाच्या शिखरावर हाती मशाल धरलेली प्रगतीची मूर्ती आहे. घड्याळाच्या खाली एक रिकामा कोनाडा आहे, त्यात व्हिक्टोरिया राणीचा पुतळा होता, तो स्वातंत्र्यानंतर उचलला गेला आणि त्या जागी दुसरे काहीच बसविण्यात आले नाही. फाटकाच्या दोन खांबांवर एकीकडे सिंह व दुसरीकडे वाघ आहे. सिंह ब्रिटनचा आणि वाघ हिंदुस्थानचा. पण खरी गंमत याहून खाली आहे. भिंतीवर ओळीने गोल चौकटींत दगडी मुखवटे कोरलेले आहेत, ते हे स्टेशन बांधणाऱ्या रेल्वे कंपनीच्या संचालकांचे. त्या साहेबी कल्ल्यांच्या आणि दाढ्यांच्या रांगेत पगडी घातलेले दोन चेहरे आढळतात, एक सर जमशेटजी जीजीभाई यांचा व दुसरा नाना शंकरशेट यांचा. शेजारच्या खांबांच्या माथ्यांवर मोर, माकडे, पाली, घुबडे आणि इथल्याच रानातली पानेफुले कोरलेली आहेत. हे काम जे. जे. कलाशाळेतील विद्यार्थ्यांनी जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकाच्या देखरेखीखाली केले, आणि इटलीच्या व इंग्लंडच्या गॉथिक मंदिरांत जेथे परदेशी पशुपक्षी बसावयाचे तेथे त्या पोरांनी आपल्या अंगणातले प्राणी निर्धास्तपणे बसविले. २००४ साली जागतिक वारशाच्या यादीत या वास्तूचे नाव गेले ते काही नुसत्या आकारासाठी नव्हे.

समोरची महानगरपालिकेची इमारत स्टीव्हन्सचीच, १८९३ सालची. तिच्यापुढे सर फिरोजशहा मेहतांचा पुतळा आहे. स्टेशनाच्या पूर्वेस, सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात, जुन्या तटाचा एक तुकडा अजून शिल्लक असून राज्याच्या पुरातत्त्व खात्याची कचेरी त्यात नांदते. फार थोड्या लोकांना तो ठाऊक असतो. त्याच्या अलीकडे मोठे पोस्ट ऑफिस आहे. १९१३ साली पुरी झालेली ही इमारत जॉन बेग याने विजापूरच्या गोलघुमटाकडे पाहून योजली, आणि पुढे दक्षिणेस गेल्यावर जे संग्रहालय लागेल त्याच्या घुमटालाही आदिलशाहीचाच धडा आहे. विजापूरची बादशाही लयास गेल्याला सव्वादोनशे वर्षे झाल्यावर इंग्रज सरकारच्या टपालखात्याने तिच्या कबरीचा घाट उसना घ्यावा, यात इतिहासाचा थोडासा विनोद आहे.

पोस्टापासून पेरीन नरिमन रस्त्याने, म्हणजे जुन्या बझार गेटच्या वाटेने, आत शिरावे. येथे कोट अजून कोटासारखा आहे: अरुंद गल्ल्या, वर लाकडी सज्जे, खाली कागदाच्या, यंत्रांच्या सुट्या भागांच्या आणि रबरी शिक्के बनविणाऱ्यांच्या दुकानांच्या ओळी. न्याहारी राहिली असेल तर या रस्त्याच्या तोंडाशीच पंचम पुरीवाल्याकडे पुरीभाजी मिळते, आणि कोटात अद्याप जे थोडे इराणी उरले आहेत त्यांच्यापैकी एखाद्याकडे संगमरवरी मेजावर ब्रून मस्का आणि चहा मिळतो. ब्रूनची पाठ कडक असते, म्हणून तो चहात बुडवून खावयाचा. आणि खात असताना समोरच्या माणसाशी बोलण्याचे बंधन नसते, कारण इराण्याच्या हॉटेलात एका मेजावर बसलेले अनोळखी लोक एकमेकांना न दिसल्यासारखे करून वर्तमानपत्राची पाने वाटून घेतात.

याच वाटेने पुढे हॉर्निमन सर्कल लागते. आज जेथे गोल बाग आहे तेथे पूर्वी 'बॉम्बे ग्रीन' नावाचे मोकळे मैदान होते आणि त्यावर कापसाच्या गासड्यांचे ढीग पडलेले असत. भोवतालच्या एकसारख्या कमानदार इमारतींचे कडे १८७२ च्या सुमारास पुरे झाले; पुढे त्याला 'बॉम्बे क्रॉनिकल'चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचे नाव मिळाले, ज्यांना पंजाबातील अत्याचारांच्या हकिकती छापल्याबद्दल १९१९ साली सरकारने हिंदुस्थानाबाहेर काढले होते. सरकारने हद्दपार केलेल्या इंग्रजाचे नाव शहराच्या सावकारी चौकाला मिळावे, ही मुंबईची न्यायबुद्धी मला आवडते. सावकारी म्हणण्याचे कारण असे की, टाऊन हॉलसमोरच्या वडाखाली उभे राहून दलाल मंडळी १८५० च्या दशकापासून भागांची खरेदी-विक्री करीत, आणि त्यांतूनच १८७५ साली येथील शेअर बाजार रीतसर स्थापन झाला. जवळच सेंट थॉमसचे कॅथीड्रल आहे, १७१८ सालचे. चर्चगेट हा दरवाजा या चर्चच्या वाटेवरचा म्हणून त्याचे ते नाव, आणि दरवाजा पडून गेल्यावर कितीतरी दूर बांधलेल्या स्टेशनालाही तेच चिकटले.

चौकाच्या पूर्वेस टाऊन हॉल. १८३३ साली पुरा झालेला, डोरिक खांबांचा, आणि तीस पायऱ्यांचा. या पायऱ्यांवर दुपारी महाविद्यालयातील मुले, वकिलांचे कारकून आणि दिवसाचा फेरा पुरा करून दम खाणारे टपालवाले सारखेच हक्काने बसतात; प्रवाशानेही तेथे दहा मिनिटे बसावे, सावली चांगली असते. मग आत जावे. आत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. १८०४ साली सर जेम्स मॅकिंटॉश याने स्थापिलेल्या साहित्यसभेपासून तिची परंपरा सुरू होते, आणि दान्तेच्या महाकाव्याचे एक अतिप्राचीन हस्तलिखित तिच्या संग्रही आहे. वरच्या दालनात एल्फिन्स्टन, माल्कम अशा गव्हर्नरांचे संगमरवरी पुतळे उभे आहेत, आणि त्यांच्यामध्ये नाना शंकरशेट बसलेले आहेत. स्टेशनावर कोरलेला चेहरा आणि इथली बैठी मूर्ती यांचा मेळ घालीत बसणे हा माझ्या मते या फेरफटक्यातला एक उत्तम उद्योग आहे, कारण मुंबईतील पहिली आगगाडी, पहिली कन्याशाळा, एल्फिन्स्टन शिक्षणसंस्था यांपैकी कोणत्याही गोष्टीच्या मुळाशी गेले तरी मुरबाडकडल्या दैवज्ञ सोनारांच्या या वंशजाची पावले आधी उमटलेली दिसतात.

येथून पश्चिमेकडे वळून पाचसात मिनिटे चालले की हुतात्मा चौक. फ्लोरा फाउंटन १८६४ सालचे. पाडलेल्या चर्चगेटच्या जागी ते उभे केले गेले, म्हणजे येथे आपण तट ओलांडतो. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी संयुक्त महाराष्ट्रासाठी आलेल्या मोर्चावर पोलिसांनी याच भागात गोळ्या झाडल्या, आणि पुढल्या महिन्यांत मुंबईत व अन्यत्र मिळून शंभरावर माणसे बळी पडली. मशाल उंचावलेल्या शेतकरी-कामगाराचे स्मारक त्यांचे आहे. बाहेरगावच्या मराठी प्रवाशाने बाकी काही वगळले तरी हे वगळू नये, आणि तेथे फोटो काढून लगेच पुढे जाऊही नये. चौथऱ्याभोवतीच्या फरशीवर क्षणभर थांबले असता बाजूने धावणाऱ्या बसगाड्या, बँका, शेअर दलालांच्या पाट्या हे सारे दिसते, आणि ज्या शहराच्या मालकीबद्दल एवढा तंटा झाला त्याच्या तिजोरीच्या ऐन दारातच हे रक्त सांडले हे लक्षात येते.

चौकाच्या पलीकडे तट पाडून मोकळ्या झालेल्या जमिनीवरची मुंबई सुरू होते, आणि तिला पैसा कोठून आला हे थोडक्यात सांगितले पाहिजे. १८६१ साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना मिळेनासा झाला, आणि वऱ्हाड-खानदेश-गुजरातच्या कापसाला सोन्याचे मोल आले. तो सारा पैसा मुंबईच्या पेढ्यांतून फिरला. समुद्र हटवून जमीन काढण्याच्या कंपन्यांचे भाग अवाच्या सवा किमतीस विकले गेले. आणि १८६५ साली युद्ध संपताच सारा डोलारा कोसळला. प्रेमचंद रायचंद हे त्या बाजारातले सर्वांत मोठे शेटजी, आणि कोसळण्याचा तडाखाही त्यांना तितकाच मोठा बसला. तथापि तत्पूर्वी विद्यापीठाचे ग्रंथालय आणि मनोरा यांसाठी त्यांनी दिलेली देणगी शाबूत राहिली, आणि १८७८ साली त्यांच्या मातोश्रींच्या नावाचा राजाबाई टॉवर ऐंशी मीटरांहून अधिक उंचीपर्यंत जाऊन उभा राहिला. आराखडा सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट याचा. त्याने तो लंडनमध्ये बसून काढला, मुंबईत तो कधी आलाच नाही. मनोऱ्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींच्या माणसांचे पुतळे आहेत, त्यांचे नमुने मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याने तयार केले. वऱ्हाडातल्या वाचकाने या मनोऱ्याकडे पाहताना त्यात आपल्या पणज्याच्या शेतातील चार गासड्यांचा वाटा आहे असे खुशाल समजावे.

शेजारचे उच्च न्यायालय त्याच सालचे, कर्नल जेम्स फुलर याचे काम. १९०८ साली लोकमान्यांवरचा राजद्रोहाचा खटला येथेच चालून त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्या दालनाबाहेर त्यांच्या उद्गारांची शिला लावलेली आहे. आत जाण्यास ओळखपत्र आणि सवड दोन्ही लागतात, म्हणून थोड्या वेळाच्या प्रवाशाने इमारत ओव्हल मैदानाच्या बाजूने पाहावी. किंबहुना या मैदानाच्या मध्यावरून जाणाऱ्या पायवाटेवर उभे राहून दोन्ही बाजूंना पाहणे हेच अधिक शहाणपणाचे आहे. पूर्वेस गॉथिक इमारतींची रांग, टोकदार कमानी, मनोरे आणि दगडी झालरी. पश्चिमेस १९३० च्या दशकातल्या, गुळगुळीत सिमेंटच्या, वळणदार गॅलऱ्यांच्या आर्ट डेको इमारती, आणि त्यांच्या उत्तर टोकाला १९३८ सालचे इरॉस थिएटर. एका बाजूस तटाच्या जमिनीवरची मुंबई, दुसऱ्या बाजूस समुद्र भरून काढलेल्या जमिनीवरची. मधे साठ वर्षे, आणि दोघींत मिळून एक मैदान. २०१८ साली युनेस्कोने या दोन रांगांना जोडीनेच वारशाचा मान दिला.

काळा घोडा, जहांगीर आर्ट गॅलरी आणि डेव्हिड ससून ग्रंथालय ही तिन्ही ओव्हलपासून हाकेच्या अंतरावर आहेत. मूळ घोडा सातव्या एडवर्डला पाठीवर घेऊन होता. तो १९६५ साली हलविला गेला, आणि आता तेथे उभा असलेला स्वारावाचूनचा घोडा २०१७ सालचा आहे. लगतची एस्प्लनेड मॅन्शन ही लोखंडी सांगाड्याची मोडकळीस आलेली वास्तू म्हणजे पूर्वीचे वॉटसन हॉटेल. ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे हिंदुस्थानात प्रथम येथे दाखविली गेली. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला मात्र दोन तास द्यावेत, नाहीतर जाऊच नये. धावत पाहिलेले संग्रहालय लक्षात राहत नाही. फक्त पाय दुखतात. ज्याच्याजवळ एकच तास आहे त्याने मिरपूरखासच्या स्तूपातून आलेल्या भाजलेल्या मातीच्या बुद्धमूर्ती तेवढ्या पाहून बाहेर यावे.

गेटवे ऑफ इंडियाबद्दल मी थोडे कमीच सांगणार आहे, कारण त्याबद्दल सारेच सांगतात. जॉर्ज विटेट याचे हे काम १९२४ साली खुले झाले, आणि २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण याच कमानीतून जहाजावर चढली. खरा प्रश्न एलिफंटाचा असतो. धक्क्यावरचे लाँचवाले आर्जवाने बोलावीत असतात आणि घारापुरीची त्रिमूर्ती ही खरोखरीच अलौकिक वस्तू आहे. पण जावयास तास, यावयास तास, वर डोंगराच्या पायऱ्या, सोमवारी लेणी बंद आणि पावसाळ्यात लाँचचा भरवसा नाही. हातात निखळ सहा तास असल्यावाचून या मोहात पडू नये, आणि सहा तास असतील तर मात्र कोटातले निम्मे सोडून खुशाल जावे.

विमान बदलणाऱ्या प्रवाशाचे गणित निराळे. सांताक्रूझ-अंधेरीकडला विमानतळ कोटापासून पंचवीसएक किलोमीटर असून रस्त्याने दीड तासही लागतो. आता २०२५ पासून आरे ते कफ परेड ही भुयारी मेट्रो सबंध सुरू झाली असून विमानतळाजवळून थेट हुतात्मा चौकाच्या पोटात उतरता येते, त्यामुळे आठ तासांची फुरसत असलेल्या उतारूला चौक, ओव्हल आणि टाऊन हॉल एवढे जमेल. त्याहून कमी वेळ असेल तर विमानतळावरच जेवण करून पुस्तक वाचावे. परदेशातून येऊन परदेशीच जाणाऱ्या परदेशी नागरिकास बाहेर पडण्यासाठी प्रवेशपरवाना लागतो हेही विसरू नये.

राहिली ती पुढची गाडी दादरहून पकडणारी मंडळी. त्यांनी दुपारी तीनच्या सुमारास कोट सोडावा, लोकलने भायखळ्यास उतरावे आणि राणीच्या बागेतील डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पाहावे. बुधवारी ते बंद असते. त्याच्या आवारात दोन जुन्या ओळखी भेटतात. एक म्हणजे काळ्या घोड्यावरचा एडवर्ड राजा, जो येथे आणून ठेवला आहे. दुसरा म्हणजे ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला एलिफंटा नाव दिले तो दगडी हत्ती. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत फुटला, पुढे तुकडे जोडून उभा केला गेला, आणि लाँचचे भाडे न देताही तो येथे पाहावयास मिळतो. भायखळ्याहून धीम्या गाडीने दादर चौथे स्थानक आहे.